अपील झालं नाही, म्हणून निकाल नाही

सोमवार, १२ जानेवारी २०२६. सकाळी ७.१०

चूक दुरुस्ती. कालच्या नोंदीत मी लिहिलं की क्षिप्रा इलेव्हनचा कॅप्टन आल्हाद याने मला दोन कचोऱ्या दिल्या. ते अर्धवट आहे. दिल्या दोन, पण एक मी परत केली आणि ती त्याने माझ्यासमोर उभं राहून खाल्ली. म्हणजे स्वीकारली एकच. तीही पूर्ण नाही, कोपरा बाबांना दिला. कचोरीवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी वेगळी होती, ती धरायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी चुकीचं राहायला नको. शेजारच्या देशाच्या एका फार मोठ्या खेळाडूवर बंदी आली होती. त्याने मॅच फिक्स केली नव्हती. एका बुकीने त्याला मेसेज केले आणि याने ते वर कळवले नाहीत, एवढंच. माझं मत: बंदी योग्य. अप्रोच झाला की रिपोर्ट करायचा. मग तो अप्रोच कोटींचा असो की कचोरीचा.

उज्जैनच्या मराठी समाजाच्या टेनिस बॉल स्पर्धेत मी यंदा पंच आहे. स्पर्धेच्या इतिहासात पहिली मुलगी. दर रविवारी सामने, १ मार्चला फायनल. मे महिन्यात पंचांची परीक्षा. त्यासाठी संकल्प: आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला एकेक वाद घ्यायचा आणि त्यावर आपला निकाल लिहायचा, निष्पक्ष. दुसरा संकल्प: कोणत्याही खेळाडूशी मैदानाबाहेर बोलायचं नाही. डिसेंबरमध्ये स्पर्धेची आचारसंहिता मीच लिहून दिली, त्यात हे कलम सात आहे. अकरा पानं. सगळ्या टीमनी सही केली. कोणी वाचली असं वाटत नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संध्याकाळी ६

संक्रांत. आल्हाद तिळगूळ घेऊन घरी आला. सगळ्या ओळखीच्या घरी जातोय म्हणाला. माधव नगरात आमच्या गल्लीत ओळखीची चार घरं आहेत. चारही ठिकाणी चौकशी केली. कुठेही गेलेला नाही.

पंचाच्या हातावर लाडू ठेवायचा आणि वर गोड बोला म्हणायचं, याचा दुसरा काय अर्थ होतो? बाबा म्हणाले, अगं दर वर्षी सगळेच म्हणतात. पण दर वर्षी मी पंच नव्हते.

लाडू खाल्ला. सणाचा होता.

आजचा वाद: टाइम्ड आउट. विश्वचषकात एका फलंदाजाच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, ठरलेली दोन मिनिटं उलटली, समोरच्या कॅप्टनने अपील केलं, पंचांनी आउट दिला. जगभर आरडाओरडा, खिलाडूवृत्ती राहिली नाही म्हणून. माझं मत: पंचाने दुसरं काय करायला हवं होतं? अपील झालं की निकाल द्यावाच लागतो. आणि अपील झालं नाही, तर धडधडीत आउट असला तरी बोट वर करता येत नाही. हा नियम मला सगळ्यांत जास्त आवडतो. ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने विचारावं. पंचाने समोरच्याच्या मनातलं ओळखत बसू नये.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी ३

क्षिप्रा इलेव्हन जिंकली. आल्हादच्या बॉलिंगवर नॉन-स्ट्रायकर तीन वेळा क्रीज सोडून निघाला. आल्हादने रनअपमध्ये थांबून, बेल्स न उडवता, त्याला घरात रहा भाई म्हणून हसून सांगितलं. तिन्ही वेळा.

लॉर्ड्सवर आपल्या मुलीने नॉन-स्ट्रायकरला असंच आउट केलं, तेव्हा इंग्लंडवाले महिनोन्महिने म्हणत होते की आधी वॉर्निंग द्यायला हवी होती. माझं मत: नियमात वॉर्निंग नाही. ती देणारा माणूस एक तर अडाणी, नाही तर त्याचा काही हेतू आहे. सामन्यानंतर त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, परत जायची एक संधी सगळ्यांना मिळायला पाहिजे. कोणाला? कुठे परत? स्पष्ट बोलला नाही.

मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायची चेष्टा केली, पण बोलणं चाळीस मिनिटं चाललं. बहुतेक प्रश्न मीच विचारत होते. ती चौकशी होती, म्हणून कलम सातचा भंग होत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी. सकाळी ९

चार दिवसांत अकरा व्हिडिओ पाठवले त्याने. सगळे वादग्रस्त निर्णयांचे. प्रत्येकाखाली एकच ओळ: अंपायर मॅडम, तुमचं काय मत? मी एका वाक्यात उत्तर देते. काल एक वाक्य जरा मोठं झालं. दीड स्क्रीन.

विषय अंपायर्स कॉल. बॉल स्टंपला लागताना स्पष्ट दिसतो, पण अर्ध्याहून कमी लागतोय म्हणून पंचाने आधी दिलेला निकालच कायम. पंचाने आउट दिला असता तर आउट, नाही तर नाही. त्याच बॉलला दोन उत्तरं. मला हे आधीपासून संशयास्पद वाटतं. आल्हादने उलट लिहिलं की त्याला हे फार पटतं, शेवटी ज्याच्यावर भरवसा ठेवून उभं केलंय त्याचंच चालावं. मैदानातच काय, कुठेही तुमचाच कॉल फायनल, असं लिहून पुढे अंगठा.

"कुठेही" या शब्दाखाली मी लाल पेनने रेघ मारून ठेवली आहे.

रविवार, २५ जानेवारी. दुपारी २.३०

गंभीर. सामना संपल्यावर आल्हादने हात पुढे केला आणि म्हणाला, मॅडम, हात तर मिळवा.

आता आशिया चषकात दोन देशांच्या खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही, त्यावरून केवढं रामायण झालं. सामनाधिकाऱ्यापर्यंत तक्रारी गेल्या. माझं मत: क्रिकेटच्या नियमांत हस्तांदोलन कुठेही सक्तीचं नाही, म्हणून त्यावर निकाल देता येत नाही. पण इथे प्रश्न वेगळा आहे. मराठीत हस्तांदोलन करा म्हणतात. हात मिळवा याचा अर्थ हातमिळवणी. पंचाशी. एक तर त्याचं मराठी कच्चं आहे, नाही तर फारच पक्कं आहे.

इकडच्या लोकांचं हे असंच. पिढ्यान् पिढ्या उज्जैनला राहून यांचं मराठी निम्मं हिंदी झालं आहे. माझं तसं नाही. बाबांच्या बँकेच्या बदल्या आडगावी व्हायच्या, म्हणून पाचवीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबांनी घरी शिकवलं: मराठी, क्रिकेटचे नियम आणि गणित. गणित सहा चिंचोक्यांवर. सहापर्यंत आले की ओव्हर म्हणायचं आणि पुन्हा एकपासून. आजही बॉल मोजायला मी तेच सहा चिंचोके वापरते. एका हातातून दुसऱ्या हातात.

हात मिळवला नाही. त्याने तो मागे नेऊन केसांतून फिरवला, जणू त्यासाठीच काढला होता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५

मावशीला घ्यायला देवास गेटच्या बस स्टँडवर गेले. बस यायच्या आधी आल्हाद स्कूटर घेऊन हजर. मी इथे येणार हे त्याला कोणी सांगितलं?

दुरुस्ती, ५.२०: मीच सांगितलं होतं. काल, कन्कशन सबस्टिट्यूटवर लिहिताना, ओघात.

(त्यावर मत: डोक्याला बॉल लागलेल्या फलंदाजाच्या जागी आपण चांगला फास्ट बॉलर उतरवला, हे मला पटलेलं नाही. बदली माणूस मूळ माणसासारखाच हवा. लाइक फॉर लाइक. आपला देश असला म्हणून काय झालं.)

मावशी म्हणाली, सामान तर घेऊ दे त्याला. सामान मावशीचं, मावशी स्पर्धेत नाही, म्हणून हरकत घेतली नाही. मावशीला मागे बसवून तो गेला. मी चालत गेले. वीस मिनिटांत घरी पोचले तर तो आईच्या हातचा चहा पीत बसला होता. मी आत न जाण्याची चेष्टा केली. पण घर आमचंच आहे.

मावशी जाताना आईच्या कानात काहीतरी म्हणाली. आई हसली. घरातल्या कोणालातरी फोडलंय.

रविवार, ८ फेब्रुवारी. दुपारी ४

आल्हादला एलबीडब्ल्यू दिला. शून्यावर. जोरदार अपील झालं, मी बोट वर केलं. तो माझ्याकडे पाहून हसला, बॅट काखेत मारली आणि निघाला. शून्यावर आउट होऊन कोण हसतं? टीम हरता हरता वाचली.

याच्यावरून सिद्ध होतं की माझ्यावर कचोरी, तिळगूळ, स्कूटर यांपैकी कशाचाही परिणाम झालेला नाही. आज फार बरं वाटतंय.

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ६.४०

चूक दुरुस्ती. बाबांनी मोबाइलवर तो बॉल शूट केला होता. रात्रीपासून एकोणीस वेळा पाहिला. बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडला होता. तिथे पडलेल्या बॉलवर एलबीडब्ल्यू देताच येत नाही. हा मला पाठ असलेला तिसरा नियम. तो आउट नव्हता.

आणि त्याला ते माहीत असणार. बॅट्समनला कळतंच. मग तो बोलला का नाही? तक्रार करायची सोय आहे, कलम चौदा, लेखी. तक्रार न करून त्याने मला त्याच्या उपकारात ठेवलं. हा आतापर्यंतचा सर्वांत धूर्त अप्रोच.

बाबा म्हणाले, किंवा मग तो भला मुलगा असेल. बाबा भोळे आहेत. बँकेत एवढी वर्षं कशी काढली कोण जाणे.

रविवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

महाशिवरात्र. अर्धा देश दर्शनाला आलेला, रस्ते बंद, सामना रद्द. वाटलं एक दिवस निवांत मिळेल. अकरा वाजता आल्हाद आणि त्याचे आईवडील घरी. सहज. असं एकही वाहन चालत नसताना कोणी सहज कसं येतं?

आईला ते येणार हे माहीत असावं. साबुदाणा सहा माणसांचा भिजवला होता.

त्याच्या आईने मला काय काय करायला आवडतं, स्वयंपाकाची आवड आहे का, असं विचारलं. सांगितलं, नो बॉलचे प्रकार. मग त्याच्या वडिलांनी माझी जन्मतारीख विचारली. ती समजू शकते. पण नंतर जन्मवेळ. सकाळची की संध्याकाळची, किती मिनिटांनी, कोणत्या गावी.

लगेच लक्षात आलं. वयचोरी. ज्युनिअर क्रिकेटमध्ये खोटे दाखले देऊन वय लपवतात, हाडांचे एक्स-रे काढावे लागतात. पण पंचाचं वय तपासायचा यांना काय अधिकार? माझं सगळं स्वच्छ आहे. आत जाऊन जन्मदाखल्याची झेरॉक्स आणली आणि मागितली नसताना हातात ठेवली. आईने ती एका पाकिटात घातली, त्यात आधीच काहीतरी कागद होता.

त्याच्या आई म्हणाल्या, हिची पहिली शिक्षा घरीच झाली म्हणे. मी नम्रपणे सांगितलं की शिक्षा म्हणजे सजा. मराठीत शिक्षण म्हणतात. त्याच्या आईंनी साबुदाण्याची बशी खाली ठेवली. आल्हाद मात्र खाली बघून हसत होता. मी त्याच्याकडे न बघण्याची चेष्टा करत होते, म्हणून नीट दिसलं नाही.

निघताना त्याने सांगितलं की पुण्याला नोकरी लागली आहे. ८ मार्चच्या गाडीने जाणार, स्पर्धा संपली की. मला कशाला सांगितलं? मी काय करू?

रात्री जेवण गेलं नाही. उपासाचं जड होतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी. सकाळी १०

फार दिवस झाले. माझं कर्तव्य आहे. मीच अकरा पानं लिहिली आणि मीच रिपोर्ट करणार नसेन, तर त्या बंदी आलेल्या खेळाडूत आणि माझ्यात काय फरक राहिला?

तक्रार आज भय्यासाहेबांकडे दिली. भय्यासाहेब समाजाचे अध्यक्ष. त्यांच्या घराण्यातलं कोणी एकेकाळी सरकारी दफ्तर सांभाळायचं, त्यामुळे ते अजूनही कागद दोन्ही हातांनी घेतात. मजकूर इथे उतरवून ठेवते:

"क्षिप्रा इलेव्हनचे कॅप्टन श्री. आल्हाद हे ११ जानेवारीपासून माझ्याशी जवळीक करण्याची सतत चेष्टा करत आहेत. कृपया योग्य ती दखल घ्यावी. सोबत तक्ता जोडला आहे."

तक्त्यात कचोरी, तिळगूळ, व्हिडिओ, स्कूटर, हसणे (वेळेसह).

भय्यासाहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. बेटा, हे बाबांना दाखवलं का, असं विचारलं. मी सांगितलं की पंच स्वतंत्र असतो. ते म्हणाले, त्या पोराला एकदा सरळ विचारून का नाही बघत? मी म्हटलं, त्याने अपीलच केलेलं नाही, मी कशाचं उत्तर देऊ. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि कागद सेक्रेटरी सुलभाताईंकडे सरकवला.

सुलभाताई सांगलीच्या. पंधरा वर्षांपूर्वी बदली होऊन इकडे आल्या आणि राहिल्या. आमच्या लोकांच्या मराठीला त्या हसत नाहीत, फक्त ऐकताना डोळे मिटतात. त्यांनी वाचलं आणि चेहरा कठोर झाला. मला जवळ घेऊन म्हणाल्या, मुलींनी असलं खपवून घेऊच नये. थट्टेची पण काही हद्द असते.

थट्टा कुठून आली ते कळलं नाही. पण दखल घेतली गेली हे महत्त्वाचं.

रविवार, २२ फेब्रुवारी. दुपारी ३

सेमीफायनल. क्षिप्रा इलेव्हन जिंकली. आल्हादने माझ्याकडे पाहिलं नाही. टॉसला फक्त हेड्स म्हणाला. कचोरी नाही. चार दिवसांत एकही व्हिडिओ नाही.

म्हणजे तक्रारीचा परिणाम झाला. असंच व्हायला हवं होतं. समाधान.

आजच्या वादासाठी विषय सुचला नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ११

आल्हादच्या घरून पाकीट परत आलं. माझ्या दाखल्याची झेरॉक्स, आणि आईने ठेवलेला तो कागद. म्हणजे वयाची चौकशी बंद. मी निर्दोष.

आईला तसं सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच भांडं घासत बसली. तिला काय झालंय समजत नाही. या घरात मला कोणी काही सांगत नाही.

मोबाइल तीन वेळा बंद करून चालू केला. व्हिडिओ येण्यात काही तांत्रिक अडचण असू शकते.

रविवार, १ मार्च. संध्याकाळी ६

जसं झालं तसं लिहिते.

टॉसच्या आधी भय्यासाहेबांनी माइक घेतला, पण तो त्यांनी लगेच सुलभाताईंकडे दिला. सुलभाताईंनी जाहीर केलं की आपल्या महिला पंचांची चेष्टा केल्याबद्दल क्षिप्रा इलेव्हनचे कॅप्टन माफी मागतील. दीडेकशे माणसं होती. आल्हाद पुढे आला. मॅडमला माझ्यामुळे त्रास झाला असेल तर माफ करा, एवढं बोलून त्याने माइक परत दिला. कोणीतरी शिट्टी मारली.

मी तिथेच उभी होते. चेष्टा? माझी कोणी चेष्टा केली? मी असं कुठे लिहिलं होतं? आणि मग आठवलं की लिहिलं होतं. तोच शब्द. पण मी तो प्रयत्न या अर्थाने लिहिला होता. हिंदीत तसाच असतो.

मॅच सुरू झाली. सहा चिंचोके मोजायचे होते, म्हणून दुसरा विचार करता आला नाही.

शेवटच्या ओव्हरला नऊ हवे होते, आल्हाद बॅटिंगला. दुसरा बॉल त्याच्या बॅटची अगदी बारीक कड घेऊन कीपरकडे गेला. मी ऐकलं. फक्त मीच. कीपरने काही मागितलं नाही, बॉलरने नाही, कोणीच अपील केलं नाही. अपील नाही म्हणून मी हलले नाही. आल्हादने माझ्याकडे पाहिलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मग बॅट काखेत मारली आणि निघून गेला. नियमात त्याची मुभा आहे: आउट असलेला फलंदाज अपील न होताही स्वतःहून जाऊ शकतो. क्षिप्रा इलेव्हन चार रन्सनी हरली.

प्राइज झाल्यावर मी स्टंप गोळा करत होते. तो आला. म्हणाला की भय्यासाहेबांनी त्याला माझा कागद दाखवला, तक्ता चांगला काढलाय. मग म्हणाला:

"चेष्टा नव्हती हो केली मी तुमची. अन् केली असेल, तर हिंदीवाली."

आणि हात पुढे केला. मला हात मिळवायचा होता. म्हणजे हस्तांदोलन. पण उजव्या हातात सहाही चिंचोके होते. शेवटची ओव्हर पूर्ण झाली होती आणि मी ते खिशात टाकायला विसरले होते. डाव्या हातात स्टंप. चिंचोके डाव्या हातात घ्यायला गेले तर स्टंप पडले. स्टंप उचलले तर चिंचोके पडले. पाच सापडले. तोवर तो गेटपाशी पोचला होता.

सोमवार, २ मार्च. सकाळी ८

बाबांच्या शब्दकोशात पाहिलं. चेष्टा: थट्टा, मस्करी. दुसरा अर्थ हालचाल, तोही माझ्या उपयोगाचा नाही. या वहीत तो शब्द मी १८ जानेवारी, ३ फेब्रुवारी आणि १५ फेब्रुवारीला चुकीचा वापरला. एकदा तक्रारीत. तिन्ही ठिकाणी खोडून "प्रयत्न" केलं. तक्रारीत आता करता येत नाही.

बाबा म्हणाले, तुला घरी शिकवताना सगळं मराठी मीच शिकवलं, आणि मला माझ्या आईने, आणि ती जन्मभर इथेच. शिक्षा म्हणजे सजा हे तू मला सांगितलंस तेव्हा कळलं. मग हसायला लागले आणि थांबले.

आईने शेवटी सांगितलं. ते स्थळ होतं. पाकिटातला कागद माझी पत्रिका होती. गुण जुळले होते. मुलाने स्वतः सांगितलं होतं की आधी तिची ओळख होऊ दे, घाईने विचारायचं नाही, परत जायची एक संधी द्यायची. माझा कागद मिळाल्यावर त्याच्या आई म्हणाल्या, मुलीला इतकं टोचत असेल तर नको.

तर तो अप्रोच होता, हे माझं म्हणणं बरोबरच निघालं.

मला वाईट वाटलं. किती, ते नोंदवलेलं नाही.

शनिवार, ७ मार्च. दुपारी १२

उद्या रंगपंचमी. उद्याच त्याची गाडी.

आठवडाभर विचार करून निकालावर आले आहे. त्याने अपील केलं होतं. "हाउज दॅट" म्हणून नाही, पण केलं होतं. आता उत्तर द्यायचं माझ्यावर आहे आणि उत्तर काय आहे ते मला माहीत आहे. एकोणीस वेळा रिप्ले बघायची गरज नाही.

आई म्हणाली, उद्या स्टेशनवर जा. अडचण अशी की कलम सातप्रमाणे पंचाला नोंदणीकृत खेळाडूशी वैयक्तिक बोलता येत नाही आणि खेळाडूंची नोंदणी ३१ मार्चपर्यंत आहे. भय्यासाहेबांनी फोन करून सांगितलं की ते कलम आत्ता या क्षणी रद्द केलं समज, बेटा. मी नकार दिला. हंगामाच्या मध्ये नियम बदलतात म्हणून तर आंतरराष्ट्रीय क्रिकेटवरून लोकांचा विश्वास उडाला आहे. सुलभाताई म्हणाल्या, मी जाते आणि माझी चूक झाली असं त्याला सांगते. बाबाही तयार आहेत, डबा घेऊन. दोघांनाही नाही म्हटलं. लाइक फॉर लाइक नाही.

एकदाचा स्वच्छ दिवस हवा. नोंदणी संपलेली, आर्थिक वर्ष नवं, मनात काही नाही. मीच फोन करीन. मला तुम्ही आवडता आणि तो बॉल लेग स्टंपच्या बाहेर होता, ही दोन्ही वाक्यं लिहून काढली आहेत. मराठीत आणि हिंदीत, म्हणजे शब्दाचा घोळ नको. आणि दिवस असा निवडला आहे की त्या दिवशी मी जे बोलेन ते मनापासूनच आहे याबद्दल त्याला शंका येऊ नये.

तारीख आईला दाखवली. आईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून आत गेली. हसत होती की रडत होती ते कळलं नाही. संशयास्पद.

फोनची तारीख: बुधवार, १ एप्रिल. सकाळी बरोबर दहा वाजता.